कूलरच्या खोलीतली आमरी : एका नागपुरी ऑर्किडच्या नोंदी

१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार

माझ्या एकसष्टीला लेकीने ऑर्किड आणले. पुण्याहून रेल्वेने, रात्रभर मांडीवर धरून. पांढरी फुले आठ, कळ्या तीन, पाने पाच. कुंडीत खोचलेली चिठ्ठी अशी : 'फॅलेनोप्सिस. आठवड्यातून एकदा पाणी. थेट ऊन नको. तापमान १८ ते २८ अंश.' वाचून हसू आले. नागपुरात १८ ते २८ म्हणजे फेब्रुवारीचे दोन आठवडे आणि पावसाळ्यातली एखादी रात्र.

ही म्हणाली, "बाप्पा! हे तर बांडगूळ. आमच्या गावी आंब्यावर फुकट असतं. पैसे देऊन आणलं का?" लेकीचा चेहरा उतरला. मी म्हटले, जगवून दाखवतो.

म्हणून ही वही. बत्तीस वर्षे आयटीआयमध्ये पोरांना रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग शिकवले आणि प्रत्येक जॉबचे लॉगशीट भरून घेतले. आता स्वतःचे भरतो. जॉब : हे झाड नागपूरचा एक उन्हाळा काढून पुन्हा फुलते का. हत्यारे : काचेचे दोन थर्मामीटर, आर्द्रता दाखवणारे एक डिजिटल घड्याळ, आरओ बसवताना घेतलेले, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर, स्वयंपाकघरातला वजनकाटा.

२० फेब्रुवारी

जागा ठरवली. बैठकीला पूर्वेची खिडकी, झोपायच्या खोलीला पश्चिमेची. मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेड मोजायचे ॲप टाकले. त्याच्या आकड्यांवर पैज लावू नये, पण दोन जागांची तुलना करायला ते पुरते. पूर्वेला पातळ पडद्यामागे सकाळी नऊला १३,०००, दुपारी ४,०००. या झाडाला दहा ते पंधरा हजार पुरतात असे वाचले. पश्चिमेला दुपारी तीनला काटा चाळीस हजारांच्या वर. तिकडे नाव काढायचे नाही.

३ मार्च

आतली कुंडी पारदर्शक प्लास्टिकची आहे. बाहेरच्या चिनी मातीच्या कुंडीतून ती उचलून मुळ्या पाहिल्या. पाणी देण्याआधी सगळ्या राखाडी, चांदीचा मुलामा दिल्यासारख्या. पाणी ओतले आणि पाहत बसलो. ओल वरून खाली जशी सरकली तशी मुळी हिरवी होत गेली, अर्ध्या मिनिटात. मुळीवर मेलेल्या पेशींचे जाड, पांढरे आवरण असते. त्याला व्हेलामेन म्हणतात. ते टीपकागदासारखे पाणी ओढून घेते, ओले झाले की पारदर्शक होते आणि खालचा हिरवा रंग दिसू लागतो. म्हणजे या झाडाला पाण्याचे इंडिकेटर जन्मतःच बसवलेले आहे. एवढे असताना चिठ्ठीत आठवडा कशाला मोजायला लावतात?

ही मुळी उघड्यावर जगणारी. जावा, बोर्निओ, फिलिपाइन्सच्या ओल्या जंगलांत ही झाडे फांदीला मिठी मारून लोंबतात. फांदीचा आधार तेवढा घेतात, अन्न घेत नाहीत. मराठी विश्वकोशात अशांना 'अपिवनस्पति' म्हटले आहे. बांडगूळ फांदीत मूळ खुपसून रस ओढते, हे तसे करत नाही. हिला सांगितले. ती म्हणाली, "गावातल्या आंब्यावरचं पण रस पीत नव्हतं, पण म्हणायचे बांडगूळच."

आमच्या विदर्भात आंब्यामोहावर जे दिसते ते बहुधा व्हँडा टेसेलाटा. आपल्याकडचे ऑर्किड, म्हणजे आमरीच ती. गंमत म्हणजे 'व्हँडा' हे लॅटिन वाटणारे नाव संस्कृतातल्या 'वन्दा'वरून घेतलेले, आणि संस्कृत कोशात वन्दा म्हणजे दुसऱ्या झाडावर वाढणारे बांडगूळ. बायकोच्या बाजूने कोश उभा राहिला. हे मात्र मी तिला सांगितलेले नाही.

२५ मार्च, धुळवड

चूक झाली. पाहुणे येणार म्हणून बैठक आवरताना कुणीतरी कुंडी आतल्या खोलीत नेली. आतली म्हणजे पश्चिमेची. पाहुणे गेल्यावर पाच वाजता आठवण झाली. वरच्या पानाला हात लावला तर इस्त्री केलेल्या कपड्यासारखे गरम. संध्याकाळी त्यावर रुपयाएवढा फिक्कट डाग दिसला.

२८ मार्च

डाग पांढरा झाला, कडा तपकिरी. भाजलेले आहे, पसरणार नाही. पान ठेवतो. डाग वर्षभर डोळ्यांसमोर राहील तेवढेच.

१४ एप्रिल

शेवटची दोन फुले गळली. एकूण ५७ दिवस घरात फुले होती. गुलाबाचे चार दिवस धरा, मोगऱ्याची एक रात्र. हिनेही कबूल केले.

वाळू लागलेला दांडा खालून कापला. हिरव्या दांड्याच्या पेरावरून पुन्हा फूट येऊ शकते, कधी छोटे रोपही येते. त्याला हवाईच्या भाषेतला 'केइकी' म्हणजे लेकरू हा शब्द वापरतात. पण समोर मे महिना उभा असताना बाळंतपणाचा भार नको म्हटले.

२१ एप्रिल, रविवार

कुंडी बदलली. यात पूर्ण दुपार गेली म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले, झाड बाहेर काढले. वरून साल, कोळसा वगैरे छान दिसत होते. आत, मुळ्यांच्या मधोमध, मुठीएवढा स्फॅग्नम शेवाळाचा गोळा. रोप लहान असताना त्या गोळ्यात वाढवतात आणि मग तो तसाच मोठ्या कुंडीत बसवतात. नर्सरीत तापमान, वारा, पाणी सगळे ताब्यात असते, तिथे चालत असेल. आमच्याकडे वरची साल दोन दिवसांत खडखडीत आणि आतला गोळा दहा दिवसांनीही पिळला तर पाणी. मुळ्यांना दोन वेगळ्या हवामानांत राहावे लागत होते. शेवाळ चिमट्याने धाग्याधाग्याने काढले. तासभर लागला.

मुळ्या मोजल्या : सतरा. बोटांत धरून दाबल्या. टणक लागते ती जिवंत. जी पोकळ लागते आणि ओढली की वरचे साल मोज्यासारखे निघून हातात येते, आत दोऱ्याएवढी तार उरते, ती गेलेली. सहा गेलेल्या निघाल्या, सहाही गोळ्याच्या आतल्या. कात्री गॅसच्या ज्योतीवर धरून कापल्या. ऑर्किडचे विषाणू रसातून पसरतात आणि त्यावर औषध नाही. माझ्याकडे एकच झाड, तरी सवय लावून घेतली.

कुंडी घरी केली. सुकामेव्याची एक लिटरची पारदर्शक बरणी घेतली आणि सोल्डरिंग आयर्नने तळाला अकरा, बाजूंना वीस भोके पाडली. घरभर वास. ही खिडक्या उघडत फिरत होती. पारदर्शक बरणीचा एक फायदा असा की मुळ्यांतही हरितद्रव्य असते, त्यांना उजेड मिळतो. माझ्यासाठी मोठा फायदा तो इंडिकेटर दिसण्याचा.

भरण : नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन भाग, इस्त्रीवाल्याकडून आणलेला लाकडी कोळसा एक भाग, विटेचे रोडे अर्धा भाग. विटा वजनासाठी, कारण पाने वर जड आणि बरणी हलकी, कूलरच्या वाऱ्याने लवंडेल. सोडण दोन दिवस आधी भिजत घातले होते. त्यात मीठ असते. पहिल्या पाण्याचा टीडीएस ८७०, दुसऱ्याचा ३४०, तिसऱ्याचा १५०, चौथ्याचा ९०. मग थांबलो. हे न करता थेट भरणाऱ्याची मुळ्यांची टोके काळी पडली तर त्याने नर्सरीला शिव्या देऊ नयेत.

पाण्याचेही माप घेतले. बोअरवेल ६४०, नळाचे २१०, आरओचे ४२. यापुढे आरओचे. महिन्यातून एकदा तेच पाणी भरपूर वाहू देऊन साचलेले क्षार धुवायचे.

बरणीचे वजन, पाणी देऊन निथळल्यावर ६९० ग्रॅम. ५६० झाले की पुन्हा पाणी. आठवडा-बिठवडा बंद.

५ मे

कूलर लावला. खरे तर याच नोंदीसाठी मी वही घातली.

ओळखीतल्या चौघांनी सांगितले की कूलरच्या खोलीत ऑर्किड मरते. एकाने तर एसी घ्यायला सुचवले. बत्तीस वर्षे एसी शिकवलेल्या माणसाला! एसी हवा थंड करताना तिच्यातले पाणी काढून घेतो. ते नळीतून गॅलरीत टपटपते ना, ते खोलीतलेच पाणी. झाडाला जे हवे तेच तो बाहेर फेकतो.

आता कूलर. एका थर्मामीटरच्या फुग्याला, म्हणजे बल्बला ओल्या कापसाची वात गुंडाळली, दुसरा कोरडा ठेवला, दोन्ही गॅलरीत सावलीत टांगून पुठ्ठ्याने वारा घातला. दुपारी तीनला कोरडा ४३, ओला २१. एवढा फरक पाहून विद्यार्थी नेहमी थर्मामीटर बिघडला म्हणायचे. हवा जितकी कोरडी तितके वातीतले पाणी भराभर उडते आणि फुगा गार होतो. कूलर म्हणजे हीच वात, मोठी केलेली. चांगल्या ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेले पाणी झिरपणारे पडदे, या फरकातला पाऊण हिस्सा उतरवून देतात. ४३ आणि २१ मध्ये अंतर २२, त्याचे पाऊण साडेसोळा. म्हणजे कूलरच्या तोंडाशी साडेसव्वीस यायला हवे. मोजले : २७. ताट्या या वर्षी नव्या आहेत.

खोलीतल्या टेबलावर, झाडाजवळ : ३० अंश, आर्द्रता ५३ टक्के. कूलर दोन तास बंद ठेवून, दारे लावून मोजले : ३७ अंश, १८ टक्के.

चिठ्ठीतले २८ कुठे आणि ३० कुठे? जवळच आहेत.

८ मे

कूलरच्या थेट झोतात पाने रात्रीतून मऊ पडली. झाड झोतातून काढून कोपऱ्यात ठेवले, जिथे हवा भिंतीला आपटून वळते. मेणबत्ती लावून पाहिले, ज्योत नुसती डुलते, विझत नाही. तीच जागा पक्की. एक खिडकी चार बोटे उघडी ठेवायची, नाहीतर कूलर कोंदट हवा तीच ती फिरवतो आणि आर्द्रता ८० वर जाऊन गारवा संपतो.

ही म्हणते, "तुमच्या बांडगुळासाठी माझी खाट हलवली." खरे आहे. खाट दोन फूट सरकवली.

१० मे, अक्षय तृतीया

वजन ५५० वर आले, पाणी दिले. आता तिसऱ्या दिवशी लागते. एका मुळीच्या टोकाला हिरवट लाल, ओला चकचकीत थेंबासारखा शेंडा. वाढ सुरू.

१९ मे

रात्री कूलर बंद करावा का, यावर घरात चर्चा. बिल वाढते. मी विरोधात. कारण सांगतो. बहुतेक झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. फॅलेनोप्सिस, अननस, निवडुंग ही मंडळी उलटी. दिवसा रंध्रे मिटून पाणी वाचवतात आणि रात्री उघडून वायू आत घेतात, आम्लाच्या रूपात पानात साठवतात. दिवसा उजेड मिळाला की त्या साठ्यातून साखर करतात. म्हणजे याचे दार रात्री उघडते. दार उघडले तेव्हा बाहेर ३४ अंशांची सुकी हवा असेल तर पाणी निघून जाणार. कूलर दुपारी माझ्यासाठी आणि रात्री झाडासाठी.

ठराव : रात्री कमी वेगाने चालू. पंपाला टायमर लावला, पंधरा मिनिटे चालू, पंधरा बंद. ताट्या तेवढ्यात सुकत नाहीत.

२५ मे, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू

बाहेर ४४, ओला बल्ब २१.५. कूलरचे तोंड २७. झाड ३०.५, ५२ टक्के. नवे पान पोंग्यातून, म्हणजे मधल्या शेंड्यातून नखाएवढे वर आले.

ऊन जितके रखरखीत तितका कूलर चोख चालतो. मुंबईत हे जमणार नाही. तिथे कोरडा-ओला फरक जेमतेम पाच-सहा अंशांचा. जावाचे जंगल मेच्या नागपुरात एका पत्र्याच्या डब्यातून येते आणि समुद्रकाठी येत नाही, हे लेकीला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "बाबा, जेवलात का?"

३१ मे

काल शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली. नंतर खुलासा आला की सेन्सरमध्ये दोष होता. मला सकाळपासून सात फोन, "सर, ५६?" माझ्या काचेच्या थर्मामीटरने ४४.५ च्या वर पाय ठेवला नव्हता. नवीन आकडा जुन्या आकड्याशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय लिहायचा नाही, हे पोरांना किती वेळा सांगितले असेल.

झाड : ३१, ५० टक्के. पाणी दिले.

२९ जून

पाऊस लागून आठवडा झाला. आज उघडीप. कोरडा ३५, ओला २८.५. फरक साडेसहा, कूलर पाचच अंश उतरवणार. खोली ३१ अंश, ८४ टक्के. आपल्याला चिकचिक. पंप बंद, नुसता पंखा. पाणी आता नवव्या दिवशी.

सोबत खत सुरू केले. १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखेच, पाण्यात विरघळणारे, शेतकरी ठिबकातून देतात तेच. लिटरला अर्धा ग्रॅम, दर दुसऱ्या पाण्याला. मसाल्याच्या चमच्याने अंदाजे टाकणार होतो, मग सोनाराचा छोटा काटा मागवला.

१४ जुलै

मधल्या पानावर वाटाण्याएवढा डाग, पाणी भरलेल्या फोडासारखा, कडा पिवळ्या. काल दुपारी नव्हता. हा भाजल्याचा नाही. हा बॅक्टेरियाचा, आणि पोंग्यापर्यंत गेला तर झाड संपले. फॅलेनोप्सिसला वाढीचा शेंडा एकच, उसासारखे बाजूने फुटवे येत नाहीत.

पान डागाच्या दोन बोटे मागे, निरोगी भागात कापले. कात्री ज्योतीवर, आधी आणि नंतर. कापलेल्या कडेवर दालचिनीची पूड दाबली. स्वयंपाकघरातली डबी रिकामी झाली, त्यावर बोलणी खाल्ली. ही पूड मुळ्यांवर पडू द्यायची नाही, त्या सुकतात.

कारण शोधले. माझ्या मागे पाहुण्या पोराने झाडावर फवारा मारला, संध्याकाळी. पानांच्या बेचक्यात पाणी रात्रभर राहिले. जंगलात हे झाड फांदीवरून आडवे, खाली तोंड करून लोंबते. कितीही पाऊस पडो, पाणी पानावरून घसरून जाते. आपण ते कुंडीत सरळ उभे करतो आणि पोंग्याची वाटी करतो. चूक आपल्या मांडणीची. बरणी वीस अंशांनी कलती ठेवली, खाली लाकडी पाचर. टिपकागदाची सुरळी शेजारीच ठेवली. पाणी दिवसाच, सकाळी दहाच्या आत.

२१ जुलै

डाग पुढे गेला नाही. पाच आणि नवे एक अशी सहा पाने होती, आता साडेपाच.

३ सप्टेंबर, मारबत

पोळ्याचा दुसरा दिवस, नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. बाहेर ढोल, पोरे ओरडत चाललेली, "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत!" आणि मी बैठकीत भिंग घेऊन बसलेला.

पानांच्या खाली, मधल्या शिरेजवळ, कापसाचे ठिपके. पिठ्या ढेकूण. परवापासून टेबलावर मुंग्यांची रांग दिसत होती, साखर सांडली असेल म्हणून दुर्लक्ष केले. मुंग्या या किडीचा गोड चिकटा खातात आणि तिला राखतात, या झाडावरून त्या झाडावर पोचवतातसुद्धा. गॅलरीतल्या जास्वंदावर तर पांढरे थर होते. उगम तिथे.

सर्जिकल स्पिरिटमध्ये कानातली कापसाची काडी बुडवून एकेक टिपला. स्पिरिट लागले की कापूस विरघळून खालचा गुलाबी किडा दिसतो. एकेचाळीस मोजले. पानांच्या बगलेत, खालच्या मुळीच्या घडीतही. जास्वंद छाटून पिशवीत बांधून टाकले. टेबलाचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, आजीच्या शिंकाळ्याच्या जमान्यातली युक्ती. नातवाने तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल झाडापाशी आणून उभा केला आणि म्हणाला, "ढेकूण घेऊन जा गे मारबत!"

१० सप्टेंबर : सहा. १७ सप्टेंबर : एक. २४ सप्टेंबर : शून्य. अंड्यांतून निघणारे नवे सापडत राहतात म्हणून चार आठवडे सोडायचे नाही.

२० ऑक्टोबर

कोजागिरी झाली. पहाटे खोलीत २३. दिवसा अजून ३२. आता वाट पाहायची.

या झाडाला फुलायची आठवण थंडीने होते. दिवस जोवर २८ च्या वर तोवर नुसती पाने काढते. काही आठवडे २५ च्या आत, रात्री वीसच्या आसपास मिळाले की दांडा धरते. हवाबंद, वर्षभर एकाच तापमानाच्या घरात ते पाने काढत राहते आणि मालक खते बदलत बसतो. आमच्याकडे तो प्रश्न नाही. खिडकी उघडी ठेवली की काम झाले. खताचा डोस आता निम्मा.

मधे वाचन. फॅलेनोप्सिस हे नाव ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये ठेवले, ग्रीकमधून, अर्थ 'पतंगासारखे'. दिव्याभोवती फिरतो तो पतंग. एका शेंगेत धुळीएवढी लाखो बीजे, पण एकाच्याही पोटात शिदोरी नाही. विशिष्ट बुरशीने भरवले तरच रुजतात, हे १८९९ मध्ये नोएल बेर्नार या फ्रेंच माणसाने शोधले. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या नडसनने बुरशीला वगळून काचेच्या बाटलीत, साखर घातलेल्या अगरवर (जेलीसारखा थर) बी रुजवून दाखवले. त्या बाटलीमुळे ऑर्किड राजेरजवाड्यांच्या काचघरातून निघून माझ्या लेकीच्या मांडीवर आले.

२४ नोव्हेंबर, रविवार

खालून तिसऱ्या पानाच्या बगलेतून काहीतरी फुटले आहे. तांदळाच्या दाण्याएवढे, हिरवे. मुळी की दांडा? मुळीचे टोक गोल गुळगुळीत असते आणि त्यावर लगेच चांदी चढते. हे टोक चपटे, एका बाजूला खाच, बाळाच्या अंगठेदार हातमोज्यासारखे. भिंगातून तीन वेळा पाहिले. हिला दाखवले. ती म्हणाली, "मूळ आहे."

१ डिसेंबर

अडीच सेंटिमीटर. वर, उजेडाकडे वळले. मूळ नाही. हिने मान्य केले, पण सावकाश.

बरणीवर खिडकीच्या बाजूला मार्करने बाण काढला. आता बरणी फिरवायची नाही. फिरवली की दांडा उजेडाच्या मागे वळत वेडावाकडा होतो आणि फुले चहूकडे तोंडे करतात.

१५ डिसेंबर

गॅलरीत पहाटे ९.५. खोलीत १७. खिडकी रात्री बंद. १५ च्या खाली जाऊ द्यायचे नाही. काचेला पान टेकत होते, कुंडी वीतभर आत घेतली, रात्री काच बाहेरच्या हवेइतकीच गार होते. पाणी आठव्या दिवशी. चिठ्ठीतला 'आठवडा' साधारण खरा ठरला तो फक्त या महिन्यात.

दांडा ११ सेंटिमीटर.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

दांडा ३१. आधारासाठी सायकलचा स्पोक लावला, वरचे टोक वाकवून. प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, मी लोकरीच्या दोऱ्याने सैल बांधले. दांडा ताठ होण्याआधी, दररोज थोडे थोडे वळवायचे. एकदम वळवला तर काकडीसारखा मोडतो. टोकाला मोहरीएवढ्या गाठी. चार मोजता येतात.

९ फेब्रुवारी

कळ्या सात. सगळ्यात खालची हरभऱ्याएवढी.

२८ फेब्रुवारी

दोन कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. खालच्या, सगळ्यात मोठ्या दोन.

काय बदलले? पाणी तेच, उजेड तोच. परवा महाशिवरात्र होती. फराळासाठी दोन डझन केळी आली आणि फणी त्याच टेबलावर, झाडापासून दीड फुटावर, तीन दिवस होती. पिकणाऱ्या केळ्यातून इथिलीन वायू सुटतो. आढीत आंबे पिकतात ते त्याच वायूने, आणि ऑर्किडच्या कळ्यांना तो जड जातो. शाबित करू शकत नाही, कारण त्याच दिवसांत खिडकीही उघडी होती आणि दुपारचा गरम वारा आत येत होता. दोन्ही कारणे लिहून ठेवतो. केळी स्वयंपाकघरात हलवली, खिडकी दुपारी बंद.

संत्र्याची टोपली मात्र तिथेच ठेवली. संत्र्यातून हा वायू अगदी नगण्य सुटतो. बुरशी आलेले एखादे असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून रोज टोपली चाळतो. नागपुरात घरातून संत्री काढावी लागली असती तर मला घर सोडावे लागले असते.

१२ मार्च

उरलेल्या पाच कळ्या फुगल्या. सगळ्यात खालची हलके हलके वळते आहे. आधी तिची टोकदार बाजू वर होती, आता देठाला पीळ पडून ती खाली येत आहे. ऑर्किडची कळी उमलण्याआधी अशी अर्धा फेरा वळते, म्हणजे किडा उतरायचा ओठ खालच्या बाजूला येतो. मार्करने बारीक खूण करावी असे मनात आले, पण हात आखडता घेतला. फोटो काढले, सकाळ-संध्याकाळ.

१६ मार्च, रविवार

सकाळी सहाला कळीला शिवणीसारखी चीर होती. आठला वरची पाकळी सुटली. चहा तिथेच घेतला. साडेअकराला बाजूच्या दोन रुंद पाकळ्या एकदम नाही, एक आधी आणि एक पंधरा मिनिटांनी मागे गेली. दुपारपर्यंत ओठ मोकळा झाला, त्याच्या टोकाला दोन बारीक मिशा, गळ्यात पिवळा ठिपका आणि लाल रेघा. गेल्या वर्षीच्या फुलापेक्षा व्यास सहा मिलिमीटरने कमी, फुले आठाऐवजी पाचच होणार. लिहून ठेवले.

हिने फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, "आमच्या घरचं बांडगूळ." अठ्ठावीस अंगठे आले.

बाहेर दुपारी ३८, ओला बल्ब २०. ताट्या जुन्या झाल्यात, गेल्या वर्षीच्या पाण्याने क्षार धरून कडक. उद्या इतवारीतून नव्या आणायच्या. हिने विचारले यंदा कूलर कधी लावता. गेल्या वर्षीपेक्षा तीन आठवडे आधी, असे म्हणालो. खाटेची जागा तिने स्वतःच दाखवली.

संध्याकाळी ६ : खोली २९, आर्द्रता ३१. बरणी ५७०. उद्या सकाळी पाणी.